धावणं, उडी, फेक, पकड: खेळातल्या हालचालींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले क्रीडाशिक्षक, तालुका-जिल्हा पातळीवरचे खेळाडू आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. नववी-दहावीच्या विज्ञानापलीकडचं फारसं काही लागणार नाही. जिथे आकड्यांशिवाय मुद्दा पटत नाही तिथे आकडेमोड करून दाखवली आहे. ती वगळून वाचलंत तरी चालेल, पण मग मैदानावर वाद घालताना अडचण होईल.

बायोमेकॅनिक्स म्हणजे नेमकं काय?

शरीराची हालचाल यंत्रशास्त्राच्या नियमांनी तपासणं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. हालचाल दिसते कशी, ही पहिली: गुडघा किती अंशांत वाकला, पाऊल किती लांब पडलं, हात किती वेगाने फिरला. ती हालचाल घडली कशामुळे, ही दुसरी: कुठलं बल, कुठल्या दिशेने, किती वेळ. आपल्याकडचं बरंचसं प्रशिक्षण पहिल्या गोष्टीपाशीच थांबतं. "हात असा ठेव, मान अशी ठेव." मोठ्या खेळाडूचा व्हिडिओ बघायचा आणि तसं दिसायचा प्रयत्न करायचा. माझं मत असं, की कुठलंही तंत्र शिकवण्याआधी विचारावं: यामुळे बल कुठे वाढतं, किंवा ते लावायचा वेळ कुठे बदलतो? उत्तर सापडलं नाही, तर ते तंत्र बहुधा त्या खेळाडूची नुसती लकब आहे.

पळताना जोर तर पायांचा असतो. मग "जमिनीचं बल" कशाला म्हणायचं?

शरीराला पुढे नेणारं बल शरीराबाहेरूनच यावं लागतं म्हणून. तुम्ही जमिनीला मागे आणि खाली रेटता, जमीन तितक्याच जोराने तुम्हाला पुढे आणि वर रेटते. न्यूटनचा तिसरा नियम. शेवाळलेल्या फरशीवरही पाय तेवढेच ताकदवान असतात, पण पळता येत नाही, कारण पाय मागे निसटतो आणि रेट्याला आधारच मिळत नाही.

स्थिर उभे असताना जमीन तुम्हाला तुमच्या वजनाइतक्या बलाने रेटते. चालताना त्याहून थोड्या जास्त. सावकाश धावताना दर पावलाला हे बल वजनाच्या दोन ते तीन पटींवर जातं, आणि तेही एकाच पायावर. पूर्ण वेगाच्या धावेत त्याहून अधिक.

कबड्डीत याचा उलटा पुरावा रोज बघायला मिळतो. चढाई करणारा कितीही दणकट असो, बचावपटूंनी त्याला एकदा जमिनीवरून उचललं की तो हवेत हातपाय झाडत राहतो आणि काहीच करू शकत नाही. ताकद गेलेली नसते, ज्याला रेटा द्यायचा ती जमीन गेलेली असते. कुस्तीतही वस्ताद सांगतात, आधी समोरच्याचे पाय मातीतून सोडव. न्यूटन न वाचता आखाड्याला हे केव्हाचं कळलेलं आहे.

वेगवान धावपटू पाय जास्त भरभर हलवतात, बरोबर ना?

वाटतं तसं, पण मोजल्यावर चित्र वेगळं निघालं. पाय हवेतून मागून पुढे आणायला लागणारा वेळ जगातल्या वेगवान धावपटूंचा आणि साधारण धावणाऱ्यांचा, प्रत्येकाच्या कमाल वेगाला, जवळपास सारखाच असतो. फरक पडतो पाय जमिनीवर असताना. वेगवान धावपटूचा पाय जमिनीवर कमी वेळ टेकतो, आणि तेवढ्या कमी वेळात तो जास्त बल लावतो.

एक हिशोब करून पाहू. समजा पाय जमिनीवर 0.10 सेकंद टेकतो आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत शरीर 0.12 सेकंद हवेत असतं. हवेतल्या वेळात गुरुत्वाकर्षण खाली खेचतच असतं. त्याची भरपाई जमिनीवरच्या 0.10 सेकंदांत व्हायला हवी. म्हणजे त्या वेळात जमिनीने सरासरी 0.22 भागिले 0.10, म्हणजे वजनाच्या 2.2 पट बल वर द्यायला हवं. ही झाली सरासरी, कमाल बल याहून बरंच मोठं. साठ किलोचा मुलगा एका पायावर, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, एकशे तीस किलोंचा भार पेलतो.

उसेन बोल्टने 16 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले ते साधारण 41 पावलांत. अंतिम फेरीतले बाकीचे बहुतेक जण त्याच अंतराला त्याहून जास्त पावलं टाकत होते. तो भरभर पाय हलवून जिंकला नाही, त्याचं एकेक पाऊल मोठं होतं. एवढ्या उंच माणसाने तेवढ्या कमी वेळात तेवढा रेटा द्यावा, हे त्याचं वैशिष्ट्य.

म्हणून शाळेच्या मैदानावर नुसत्या "जागेवर भरभर पाय हलवा" कवायतींनी फार काही साधत नाही. बैठका, चढावरच्या छोट्या धावा, लंगडी उड्या यांत पाय जमिनीला रेटायला शिकतो. लंगडी तर आपल्याकडे आयतीच आहे.

मग "गुडघे वर, गुडघे वर" असं ओरडणं चूक का?

पूर्ण चूक नाही. गुडघा वर आला की पाय खाली वेगाने आणायला अंतर मिळतं. पण बऱ्याचदा उंच आलेला गुडघा हा मागच्या पायाने दिलेल्या चांगल्या रेट्याचा परिणाम असतो. रेटा नसताना गुडघा वर आणला, तर खेळाडू छान दिसतो आणि सावकाश पळतो.

गुरुत्वमध्य म्हणजे काय, आणि खाली वाकून उभं राहिल्याने काय फरक पडतो?

शरीराचं सगळं वजन ज्या एका बिंदूत एकवटलं आहे असं मानता येतं, तो बिंदू. ताठ उभ्या माणसात तो साधारण बेंबीच्या थोडा खाली, उंचीच्या 55 टक्क्यांच्या आसपास असतो. हात वर केले की तो वर सरकतो, पुढे वाकलं की पुढे जातो. या बिंदूतून सोडलेली उभी रेघ दोन्ही पावलांनी घेरलेल्या जागेत पडते तोवर तुम्ही उभे राहता.

गुरुत्वमध्य खाली आणि पावलं रुंद, तर पाडणं अवघड. पण इथे एक मेख आहे, आणि नवखे कबड्डीपटू हमखास तिच्यात अडकतात. फार रुंद आणि फार खाली बसलेला खेळाडू पडत नाही, तसाच तो हलतही नाही. दिशा बदलायची तर आधी गुरुत्वमध्य त्या बाजूला पावलांच्या बाहेर न्यावा लागतो, म्हणजे क्षणभर मुद्दाम तोल सोडावा लागतो. कोपऱ्यात पकडीची वाट बघणाऱ्याने खाली आणि रुंद असावं. चढाई करणाऱ्याने खाली असावं, पण पावलं मात्र केव्हाही उचलता येतील इतपतच फाकलेली हवीत.

स्थैर्याचं याहून शुद्ध उदाहरण हवं असेल तर नेमबाजी बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्यात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशी तिन्ही प्रकारे नेमबाजी करावी लागते. पालथं झोपल्यावर छाती-पोट-कोपर सगळं जमिनीला टेकलेलं, गुरुत्वमध्य जमिनीलगत. उभं राहिल्यावर आधार फक्त दोन पावलांचा, वर हातात जड रायफल. गुण कुठे सहज मिळतात आणि कुठे गळतात हे या क्रमावरूनच ओळखता येतं.

धोबीपछाड एवढा मोठा गडी कसा उलटवते?

डाव टाकणारा खाली बसून आपली कंबर समोरच्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली सरकवतो. एकदा ती खाली गेली की समोरच्याला उचलावं असं लागत नाही, फक्त कंबरेवरून फिरवावं लागतं. त्याचा हात जितका लांब आणि घट्ट खेचाल तितकं फिरवणं सोपं, कारण कंबरेपासून दूर लावलेलं थोडं बलही जास्त वळण देतं. कंबर वर राहिली तर तोच डाव पाठीच्या जोरावर मारावा लागतो, आणि पाठीचे मणके त्याची किंमत वसूल करतात.

उंच उडीत पाठ खाली करून जायची पद्धत फक्त दिसायला छान आहे की फायद्याची?

फायद्याची. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरीने या पद्धतीने 2.24 मीटर उडी मारून सुवर्ण मिळवलं, तेव्हा बाकीचे पोटाकडची बाजू खाली ठेवून आडवे जात होते. पाठीची कमान केली की डोकं-खांदे बारच्या पलीकडे खाली, पाय अलीकडे खाली, आणि फक्त कंबर वर. अशा कमानीत गुरुत्वमध्य शरीराच्या बाहेर, पाठीच्या खाली जाऊ शकतो. म्हणजे अख्खं शरीर बारवरून जातं आणि गुरुत्वमध्य मात्र बारच्या उंचीइतका किंवा जरासा खालूनही जातो. तेवढं कमी उचलावं लागतं.

अर्थात खाली जाड गादी नसेल तर मानेवर पडायचा धोका आहे. वाळूच्या खड्ड्यात हे शिकवू नये. त्यासाठी कात्री पद्धत बरी.

याच विचाराचं दुसरं टोक म्हणजे 3000 मीटर स्टीपलचेस. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंमी, स्त्रियांचा 76.2 सेंमी. सरळ धावताना गुरुत्वमध्य आधीच जवळपास मीटरभर उंचीवर असतो. म्हणजे तो फार वर नेण्याची गरजच नसते. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे अडथळा पार करताना बघा, डोक्याची पातळी फारशी वरखाली होत नाही. एका शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या. दर वेळी दहा-पंधरा सेंमी जास्त उडणारा शेवटच्या फेरीत त्याची फेड करतो.

फेक किंवा उडी 45 अंशांत सर्वात लांब जाते, असं पुस्तकात आहे. मग प्रत्यक्षात तसं का करत नाहीत?

पुस्तकातलं उत्तर एका अटीवर खरं आहे: सुटायची आणि पडायची उंची सारखी, आणि कुठल्याही कोनात वेग तोच. खेळात या दोन्ही अटी मोडतात.

गोळाफेकीत गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो, म्हणून योग्य कोन कमी होतो. शिवाय माणसाला तिरपं पुढे ढकलण्यात जितका जोर लावता येतो तितका सरळ वर ढकलण्यात नाही. कोन वाढवला की वेग घटतो. म्हणून चांगले गोळाफेकपटू साधारण 35 ते 38 अंशांच्या आसपास फेकतात.

लांब उडीत तर फरक थक्क करणारा आहे. तिथे शरीर साधारण 20 अंशांत सुटतं. का? समजा धावत आलात 10 मीटर प्रतिसेकंद वेगाने. 45 अंश हवे असतील तर तेवढाच वेग वरच्या दिशेने मिळवायला हवा. त्या वेगाने सरळ वर गेलात तर पाच मीटर उंच जाल, म्हणजे दीड मजला. फळीवर पाय टेकतो सेकंदाच्या आठव्या भागाइतका वेळ. तेवढ्यात असलं काही कोणालाही जमत नाही. म्हणून लांब उडीत धावेचा वेग हाच राजा. पाच पावलांच्या धावेवर हवेतल्या सायकलिंगचा तासन्‌तास सराव करणाऱ्या मुलांना बघितलं की वाईट वाटतं. त्यांना आधी पळायला शिकवा.

कोनाची फार चिंता करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. हवेचा विचार सोडला, तर अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वेग 10 टक्के वाढला तर अंतर 21 टक्के वाढतं. कोन 45 वरून 40 झाला तर अंतर घटतं फक्त दीड टक्का.

भालाफेकीत पुढचा पाय असा खाडकन का रोवतात? त्याने वेग कमी होत नाही का?

होतो, आणि तो कमी व्हावा म्हणूनच रोवतात. सगळं शरीर वेगाने पुढे येत असताना डावा पाय सरळ रोवला की शरीराचा खालचा भाग थांबतो. वरचा भाग त्या रोवलेल्या पायावरून पुढे फेकला जातो. कंबर, मग छाती, मग खांदा, मग कोपर, मग मनगट, असा वेग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर हलणारा भाग आधीच्याहून हलका असल्याने त्याचा वेग वाढत जातो. नीरज चोप्राने टोकियोत 7 ऑगस्ट 2021 रोजी 87.58 मीटरच्या फेकीवर सुवर्ण जिंकलं. ती फेक संथ गतीत बघताना हातापेक्षा त्याच्या डाव्या गुडघ्याकडे लक्ष द्या. गुडघा वाकला की वेग तिथेच गळून जातो.

जाता जाता: 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने 104.80 मीटर भाला फेकला. मैदानं अपुरी पडायची वेळ आली, म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला. त्यामुळे टोक लवकर खाली येतं आणि फेक आखूड पडते.

वेगवान गोलंदाजीतही हेच तत्त्व आहे का? मुलाला बुमराहसारखी ॲक्शन शिकवू का?

तत्त्व तेच. पुढचा पाय सरळ राहिला तर धावेचा वेग खांद्यापर्यंत आणि तिथून चेंडूत जातो. पण त्या पायावर, टेकल्या क्षणी, वजनाच्या पाचपट ते सातपट बल येतं. हा दणका कुठेतरी जिरतो. पाठ एका बाजूला वाकलेली, त्याच वेळी पिळलेली आणि मागे ताणलेली असेल, तर तो कंबरेच्या खालच्या मणक्यांत जिरतो. वेगवान गोलंदाजांना तिथे होणारे ताणाचे बारीक फ्रॅक्चर बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असतात.

जसप्रीत बुमराहची ॲक्शन वेग देते हे खरं. त्याला पाठीच्या ताणाच्या फ्रॅक्चरने बराच काळ बाहेर बसवलं आणि 2023 मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, हेही तितकंच खरं. त्याच्या सांध्यांची ठेवण त्याची स्वतःची आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ती ॲक्शन चढवणं मला तरी बेजबाबदार वाटतं. वाढत्या वयात मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. त्या वयात ॲक्शनपेक्षा षटकांची मोजदाद महत्त्वाची. मूल मागे वाकल्यावर कंबरेत एका बाजूला दुखतं म्हणालं, तर बाम चोळून दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या.

कोपराबद्दल नेहमी विचारतात म्हणून: आयसीसीच्या नियमाप्रमाणे चेंडू सोडताना कोपर 15 अंशांपर्यंत सरळ होऊ शकतो. हा फरक नुसत्या डोळ्याने ठामपणे सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत मोजमाप करतात. गल्लीतल्या "फेकी गोलंदाज" वादांचा निकाल लागणार नाही, तो असाच चालू द्या.

झेल घेताना हात मागे न्यायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण फरक किती पडतो?

क्रिकेटचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा. तो ताशी 90 किमी, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगाने आला तर त्यात 50 जूल ऊर्जा असते. हात ताठ ठेवून 5 सेंमीमध्ये थांबवलात तर सरासरी बल 1000 न्यूटन, म्हणजे जवळपास शंभर किलोंचा भार. हात मागे नेत 25 सेंमीमध्ये थांबवलात तर 200 न्यूटन, वीस किलो. ऊर्जा तेवढीच, थांबायचं अंतर पाचपट.

हाच हिशोब उडीवरून खाली येताना लावा. अर्ध्या मीटरवरून खाली आलात आणि गुडघे ताठ ठेवून फक्त 5 सेंमीमध्ये थांबलात, तर सरासरी बल वजनाच्या 11 पट. घोटा, गुडघा, खुबा तिन्ही वाकवत 25 सेंमीमध्ये थांबलात तर 3 पट. व्हॉलीबॉलच्या मुली दिवसाला किती वेळा उडी मारून खाली येतात याचा विचार करा. उडी मारायला सगळे शिकवतात, खाली उतरायला शिकवणारे कमी.

माझी मुलगी खो-खो खेळते. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्याची) दुखापत जास्त होते, हे खरं आहे का?

हो. गुडघ्याच्या आतल्या एसीएल या लिगामेंटची दुखापत, खेळ तोच असताना, मुलींना मुलांपेक्षा दुपटीहूनही जास्त वेळा होते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि बहुतेक वेळा कोणी धडकलेलं नसतं. खेळाडू पळता पळता अचानक दिशा बदलते किंवा एका पायावर उतरते, गुडघा आत वळतो आणि "कट्" आवाज येतो. खो-खोत संरक्षण करणारी हूल देऊन उलट्या दिशेला वळते, तो नेमका हाच क्षण.

खुब्याची ठेवण, संप्रेरकं, स्नायूंची ताकद अशी कारणं सांगितली जातात आणि त्यांतल्या कुठल्या कारणाचा वाटा किती यावर अजून वाद आहे. ठेवण बदलता येत नाही, उतरायची आणि वळायची सवय बदलता येते. घरी तपासायचं असेल तर मुलीला पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून बघा. गुडघे पावलांच्या रेषेत राहतात की एकमेकांकडे झुकतात? झुकत असतील तर घाबरू नका, पण काम करायला हवं. एका पायावरच्या बैठका, खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, आणि "आवाज न करता उतर" एवढी एकच सूचना. फुटबॉलपटूंसाठी फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा वॉर्म-अप याच तत्त्वावर आहे, आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी झाल्याचं दिसलं आहे. खो-खो, कबड्डी, हँडबॉल सगळ्यांना तो चालतो. खर्च शून्य. तरी बऱ्याच ठिकाणी वॉर्म-अप म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या आणि गप्पा.

खो-खोत खांबाला हात धरून वळल्याने खरंच वेग टिकतो का?

टिकतो, आणि नुसत्या पायांनी तसं वळणं अशक्य असतं. एक मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला 5 मीटर वेगाने वळायला वजनाच्या अडीचपट बल आतल्या बाजूला लागतं. मातीवर बूट किंवा अनवाणी पाय फार तर वजनाइतकं घर्षण देईल. म्हणजे पायांच्या भरवशावर वेग 3 मीटरच्या आसपास उतरवावा लागेल, नाहीतर घसरणं आलं. उरलेलं बल खांब देतो, हातातून. म्हणून खांबाजवळच्या खेळाडूची मूठ आणि खांदा मजबूत हवा. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचं चित्रण उपलब्ध आहे. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. त्यात खांबाजवळची पावलं बघा.

200 मीटरच्या वळणावर धावपटू आत झुकतात तेही याचसाठी. पहिल्या मार्गिकेची त्रिज्या 36.5 मीटर. सेकंदाला 10 मीटर वेगाला झुकाव येतो 15-16 अंश. आठव्या मार्गिकेत वळण मोठं, झुकाव कमी. आतली मार्गिका मिळाल्यावर उंच धावपटू कुरकुरतात ते उगीच नाही.

झटकन खाली बसून उडी मारली की ती जास्त उंच का जाते?

भिंतीला खडूने खुणा करून स्वतःच तपासा. एकदा अर्ध्या बैठकीत तीन सेकंद थांबून उडी मारा, एकदा उभ्यावरून झटकन खाली जाऊन लगेच. दुसरी काही सेंमी उंच जाईल. खाली जाताना स्नायू ताणले जात असतानाच जोर धरतात, म्हणून वर निघायच्या क्षणी बल आधीच तयार असतं. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, रबरासारखे ताणले जाऊन थोडी ऊर्जा साठवतात आणि परत देतात. खाली थांबलात की हा फायदा विरतो.

धावण्यात हा वाटा मोठा आहे. 70 किलोचा माणूस मध्यम वेगाने धावताना एका पावलामागे जेवढी ऊर्जा, म्हणजे सुमारे 100 जूल, घेतो-देतो, त्यांतली 35 जूलच्या आसपास टाचेमागच्या अकिलीस टेंडनमध्ये आणि 17 जूलच्या आसपास तळपायाच्या कमानीत साठते आणि बरीचशी परत मिळते.

हवेत असताना गिरकी जोरात करता येते का?

हवेत नवी गिरकी मिळत नाही, जमिनीवरून जेवढी घेऊन निघालात तेवढीच असते. पण शरीर आवळून घेतलं की तीच गिरकी वेगाने होते, पसरलं की मंदावते. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रोदुनोव्हा व्हॉल्ट केला, त्यात पुढच्या बाजूला दोन कोलांट्या असतात. पहिलीच्या आधी गुडघे छातीशी घट्ट आवळले नाहीत तर दुसरी पूर्ण व्हायच्या आत जमीन येते. ती चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. मल्लखांबावरून उडी मारून उतरणाऱ्या मुलांनाही हाच नियम: कोलांटी आवळून, उतरताना उघडून.

टाचेवर धावावं की चवड्यावर? आणि महाग बूट घ्यावेत का?

लांब पल्ल्याचे बहुतेक धावणारे टाचेवरच उतरतात आणि त्यांतले बरेच जण ठणठणीत असतात. चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, पण पोटरी आणि अकिलीसवरचा वाढतो. दुखणं नाहीसं होत नाही, पत्ता बदलतं. म्हणून धडधाकट माणसाने मुद्दाम पद्धत बदलू नये. खरा दोष असतो पाऊल शरीराच्या फार पुढे टाकण्यात. गुडघा दुखत असेल तर वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवून बघा. पाऊल आपोआप जवळ पडतं आणि गुडघ्यावरचा भार उतरतो.

"मिनिटाला 180 पावलं" हा मंत्र सगळ्यांना लागू नाही. तो आकडा मुळात ऑलिंपिकमधल्या वेगवान धावपटूंना शर्यतीत बघून आला. सकाळी ताशी आठ किमीच्या वेगाने धावणाऱ्या काकांनी तो पाळायचं कारण नाही.

बुटांचं म्हणाल, तर कार्बन प्लेट आणि जाड फोमचे बूट वेगवान धावपटूंना थोडा फायदा देतात, म्हणूनच रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी 40 मिमीपर्यंतच ठेवायचा नियम आहे. शाळेतल्या मुलासाठी तेवढे पैसे खर्च करू नका. पायाला चावत नाही तो बूट चांगला.

स्नायूंना एवढं बल का लावावं लागतं? हातात तर पाचच किलो आहेत.

कोपराची तरफ गैरसोयीची आहे म्हणून. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण 5 सेंमीवर जोडलेला, आणि वजन 35 सेंमीवर. पाच किलोंसाठी स्नायूला पस्तीस किलोंचं बल लावावं लागतं, हाताचं स्वतःचं वजन वेगळं. बदल्यात मिळतो वेग: स्नायू थोडासाच आखडतो आणि हात लांबवर फिरतो. फेकणाऱ्या प्राण्याला हा सौदा परवडतो.

मोबाइलवर चित्रण करून यातलं काही तपासता येईल का?

बरंच काही, पण नेहमीच्या व्हिडिओत नाही. साधा मोबाइल सेकंदाला 30 चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये 0.033 सेकंद. जमिनीवर 0.10 सेकंद टेकणारा पाय तीन चित्रांतच संपतो. स्लो-मोशनमध्ये 240 चित्रं मिळाली तर तोच पाय 24 चित्रांत दिसतो आणि मोजता येतो. मोबाइल हातात धरू नका, स्टँडवर किंवा विटांवर ठेवा, खेळाडूच्या कंबरेच्या उंचीला, धावेच्या रेषेला काटकोनात आणि जमेल तेवढा लांब. तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रणावरून कोन मोजू नका, ते हमखास चुकतात. चौकटीत एक मीटरची पट्टी किंवा ठरावीक अंतरावर दोन शंकू ठेवले की पावलाची लांबी काढता येते. संगणकावर किनोव्हियासारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

एका वेळी एकच गोष्ट मोजा, आणि तीच महिन्याभराने पुन्हा, त्याच जागी, त्याच अंतरावरून. पहिल्याच चित्रणात दहा दोष काढून मुलासमोर ठेवणारे शिक्षक भेटतात. ते मूल पुढच्या धावेत त्या दहांचा विचार करत पळतं आणि आधीपेक्षा सावकाश पळतं.

व्हिडिओ बघून दुखापतीचं कारण कळेल का?

अंदाज येईल, निदान होणार नाही. सुजलेला गुडघा किंवा आठवडाभर न थांबणारं दुखणं असेल तर व्हिडिओ बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. जाताना तो मोबाइलमध्ये असू द्या, दुखणारी हालचाल डॉक्टरांना दाखवता येईल.